नांवांचीं कुलुपें

चोरी झाली म्हणजे वस्तु जागची हालते, अशी आपली जुनी समजूत आहे. भिंतीला भोंक पडतें, पेटी उघडी राहते, दागिना डब्यांतून नाहींसा होतो. परंतु गेल्या तीस वर्षांत मालमत्तेचा असा एक प्रकार जगांत रूढ झाला आहे कीं, त्याची चोरी होतांना काडीहि हालत नाहीं. एका वहींतील एका ओळीवर एकाऐवजीं दुसऱ्याचें नांव लिहिलें जातें, आणि तेवढ्यानें लक्षावधि रुपयांची मिळकत पृथ्वीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाते. इंटरनेटवरील डोमेन-नांवें ही ती मिळकत. तिचें हस्तांतर कोणत्या नियमांनीं व्हावें, आणि तिला कुलूप कोणीं व कसें घालावें, या प्रश्नाचा इतिहास जेमतेम एका पिढीचा आहे. तरी पण ज्या शंकांनीं जुन्या कायदेपंडितांना छळलें त्या बहुतेक सर्व त्यांत पुन्हां उभ्या राहिल्या आहेत, म्हणून तो येथें थोडा विस्तारानें सांगण्याचें योजिलें आहे.

विषय नवा आहे, तेव्हां प्रथम दोन शब्द ओळखीचे. इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक आंकडा असतो, आणि यंत्रें एकमेकांना त्या आंकड्यानेंच ओळखतात. माणसाला आंकडे लक्षांत ठेवण्याचा कंटाळा. म्हणून आंकड्यांना नांवें देण्याची प्रथा पडली. आरंभीं या नांवांची सबंध यादी कॅलिफोर्नियांतील स्टॅन्फर्ड संशोधन संस्थेच्या एका कचेरींत ठेवीत, आणि एलिझाबेथ फाइनलर या विदुषींच्या देखरेखीखालीं ती लिहिली जाई. बाकीचे सर्व ती यादी उतरून घेत. जाळें वाढलें तशी ही रीत अपुरी पडूं लागली. १९८३ सालीं पॉल मोकापेट्रिस यांनीं नांवांची सध्यांची व्यवस्था आंखून दिली, आणि पुढें तिच्यांत डॉट कॉम, डॉट एज्यु असे विभाग पडले. १९८५ च्या मार्च महिन्याच्या १५ तारखेस सिम्बॉलिक्स डॉट कॉम हें डॉट कॉम वर्गांतलें पहिलें नांव नोंदलें गेलें. त्या काळीं मागेल त्याला नांव मिळे, पैसा पडत नसे, आणि मागणारा कोण याची फारशी चौकशीहि होत नसे. विद्वानांच्या लहानशा वस्तींत दारांना कुलुपें नसावींत, यांत नवल नाहीं.

१९९३ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाशीं झालेल्या करारानें ही वही नेटवर्क सोल्यूशन्स या खासगी कंपनीकडे आली. १९९५ च्या सप्टेंबरांत नोंदणीला शुल्क लागूं झालें. दोन वर्षांना १०० डॉलर. वस्ती वाढली होती, बाजार भरूं लागला होता. वही मात्र जुन्याच विश्वासानें लिहिली जात होती. त्या विश्वासाची किंमत पुढच्याच महिन्यांत कळून आली.

गॅरी क्रेमन या तरुण उद्योजकानें १९९४ सालीं एक नांव नोंदविलें होतें. स्त्रीपुरुषसंबंधाचा वाचक असा तो तीन अक्षरी इंग्रजी शब्द घरांतील लहानथोर वाचतात अशा मासिकांत छापण्याची आवश्यकता नाहीं. वाचकांनीं तो ओळखलाच असेल. नोंद त्याच्या ऑनलाइन क्लासिफाइड्स या धंद्याच्या नांवें होती. याच सुमारास स्टीफन कोहेन नांवाचा एक अट्टल ठकसेन, दिवाळखोरीच्या वकिलाचें सोंग घेतल्याबद्दल झालेली शिक्षा भोगून तुरुंगाबाहेर आला, आणि त्याची दृष्टि या नांवावर गेली. ऑक्टोबरांत त्यानें नेटवर्क सोल्यूशन्सकडे एक पत्र धाडलें. तें पत्र क्रेमनच्याच कंपनीकडून आपणांस आलें आहे, असें त्याचें म्हणणें. मजकूर असा कीं, क्रेमन यास कंपनीनें काढून टाकलें आहे, संचालकांनीं तें नांव सोडून देण्याचें ठरविलें आहे, आणि कोहेन यांनीं तें घेण्यास कंपनीची हरकत नाहीं. पण मग कंपनीनें हें पत्र नोंदणीच्या कचेरीकडे न पाठवितां कोहेनकडे कां पाठवावें? तर कंपनीला इंटरनेटची थेट जोडणी नाहीं, म्हणून कोहेन यांनींच तें पुढें कळवावें! जिच्या नांवांतच 'ऑनलाइन' आहे त्या कंपनीला जोडणी नाहीं, या विसंगतीवर पुढें न्यायमूर्तींनींहि बोट ठेविलें. कचेरींत मात्र ती कोणाच्या लक्षांत आली नाहीं. क्रेमनला एक पत्र घालावें, दूरध्वनीवरून विचारावें, इतकेंहि कोणीं केलें नाहीं. जुनी ओळ खोडली गेली, नवी लिहिली गेली. क्रेमननें मागाहून विचारणा केली तेव्हां, आतां उशीर झाला, असें उत्तर त्याला मिळालें.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथें आपल्या जुन्या दप्तरांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. मराठेशाहींतील पत्राच्या आरंभीं शिक्का आणि शेवटीं मोर्तब असे. मोर्तबाचा हेतु हा कीं, मजकूर येथें संपला, यापुढें कोणीं एक अक्षर घुसडूं नये. कागद खरा असून भागत नाहीं, तो मागाहून वाढवितां येऊं नये, ही तजवीज त्या काळच्या कारकुनांना सुचली होती. खोटीं वतनपत्रें तेव्हांहि होत, हें खरें. परंतु वतनाचा तंटा पडला तर गोतसभेपुढें साक्षी होत, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारीत, आणि मग महजर होई. अमेरिकेंतील त्या कचेरीपाशीं गोतसभाहि नव्हती आणि मोर्तबहि नव्हतें. होता तो शिरोनामा छापलेला एक कागद.

कोहेननें त्या नांवावर अमाप पैसा मिळविला. क्रेमन कोर्टांत गेला. २००० च्या नोव्हेंबरांत कॅलिफोर्नियांतील जिल्हा न्यायाधीश जेम्स वेअर यांनीं पत्र बनावट ठरवून नांव क्रेमनला परत देवविलें, आणि २००१ च्या एप्रिलांत कोहेननें ६ कोटि ५० लक्ष डॉलर भरपाई द्यावी असा निवाडा दिला. पण तोंवर पैसा परदेशीं गेला होता आणि कोहेन मेक्सिकोंत. तो २००५ सालीं पकडला गेला. निवाडा हातीं आला, रक्कम आली नाहीं, असा प्रकार. राहतां राहिला वही लिहिणारा. नेटवर्क सोल्यूशन्सवरहि क्रेमननें दावा लाविलाच होता, आणि कायद्याच्या इतिहासांत महत्त्व आहे तें या दुसऱ्या दाव्याला. कंपनीची कैफियत अशी कीं, नांव आम्हीं फुकट दिलें होतें. मोबदला नाहीं तेथें करार नाहीं. शिवाय नांव ही कांहीं हातांत धरण्याची वस्तु नव्हे. मग तिचा अपहार तो कसला? खालच्या कोर्टानें हें मान्य केलें.

ही कैफियत वरवर पाहतां हास्यास्पद वाटते, पण तिच्या मागें कित्येक शतकांची परंपरा आहे. इंग्लंडच्या जुन्या कायद्यांत अपहाराचा दावा अशा रीतीनें मांडीत कीं, वादीची वस्तु हरवली, ती प्रतिवादीला सांपडली, आणि त्यानें ती परत न देतां आपलीशी केली. हरवणें-सांपडणें ही नुसती कल्पना; वस्तु खरोखर हरवली होती कीं नाहीं हें कोणी विचारीत नसे. परंतु त्या कल्पनेच्या पोटीं असा एक समज राहून गेला कीं, जें हरवूं शकत नाहीं आणि सांपडूं शकत नाहीं, त्याचा हा दावा होत नाहीं. पुढें शेअर, रोखे असले अमूर्त हक्क आले तेव्हां, कागद म्हणजेच हक्क, असें मानून वाट काढण्यांत आली. डोमेन-नांवाला तर कागदहि नाहीं. २००३ च्या जुलै महिन्यांत वरिष्ठ न्यायालयाचे न्यायमूर्ति ॲलेक्स कोझिन्स्की यांनीं ही गांठ सोडविली. त्यांच्या निकालाचा आशय असा: नांवाच्या हद्दी नेमक्या आहेत, त्याचें काय करावें हें ठरविणारा एकच आहे, आणि लोक त्यांत पैसा गुंतवितात, तेव्हां ती मालमत्ता होय, आणि नांव नोंदविणें हें जमिनीचा तुकडा कचेरींत आपल्या नांवें लावून घेण्यासारखेंच आहे. दुसऱ्याची वस्तु ज्यानें तिसऱ्याला देऊन टाकली त्याचा स्वतःचा दोष नसला तरी भरपाईचा भार त्याच्यावर टाकण्यांत अन्याय नाहीं, असेंहि त्यांनीं म्हटलें. पुढें २००४ सालीं उभय पक्षांत तडजोड झाली. आमच्या मतें या सबंध इतिहासाची कलाटणी या निकालांत आहे. वही लिहिणारा हा नुसता लेखनिक नसून ठेव सांभाळणारा आहे, हें तत्त्व येथें प्रथम स्पष्टपणें बोललें गेलें. तें पाळलें किती गेलें, हें पुढें दिसेलच.

खटला चालू असतां इकडे व्यवस्था पार बदलली होती. १९९८ सालीं आयकॅन ही संस्था स्थापन झाली, आणि १९९९ पासून नोंदणीचा मक्ता मोडून ती अनेक दुकानांना खुली करण्यांत आली. तेव्हांपासून मूळ वही एकाकडे आणि गिऱ्हाइकांशीं व्यवहार करणारीं दुकानें पुष्कळ, अशी मांडणी आहे. वही ठेवणाऱ्याला रजिस्ट्री आणि दुकानाला रजिस्ट्रार म्हणतात. एका दुकानांतलें नांव दुसऱ्या दुकानांत नेणें याचें नांव ट्रान्स्फर. येथें मालक बदलत नाहीं, दुकान बदलतें. पेढी बदलून ठेव दुसऱ्या पेढींत न्यावी तसें. पण चोराच्या दृष्टीनें ही फार सोयीची वाट आहे. ज्या दुकानांत मालकाला ओळखतात तेथून नांव उचलावें, आणि जेथें कोणीच ओळखत नाहीं तेथें आपल्या खात्यांत उतरवावें, कीं काम झालें.

आतां खरा प्रश्न आला. गिऱ्हाइकाला दुकान बदलण्याची मोकळीक हवी, नाहीं तर चढाओढीला अर्थ नाहीं. आणि कोणी तिऱ्हाइतानें नांव उचलूं नये, असाहि बंदोबस्त हवा. नवें दुकान म्हणतें, मालकानें आमच्याकडे येण्याचें ठरविलें आहे. जुनें दुकान मालकाला पत्र घालतें. मालकाचें उत्तर येत नाहीं. या मौनाचा अर्थ काय करावा? आरंभींच्या वर्षांत कांहीं मोठ्या रजिस्ट्रारांनीं त्याचा अर्थ नकार असा केला. मालक स्वतः होय म्हणाला नाहीं, म्हणून आम्ही नांव सोडीत नाहीं, असें ते म्हणत. सुरक्षिततेची ही भाषा कानाला गोड लागे. पण गिऱ्हाईक हातचें जाऊं नये हाहि हेतु तींत होता, आणि टपालाचा गठ्ठा न उघडणारे हजारों लोक त्यामुळें जुन्याच दुकानाला बांधलेले राहिले. या भांडणावर समित्या बसल्या, चर्चा झडल्या, २००३ सालीं आयकॅनच्या मंडळानें नवें धोरण मान्य केलें आणि २००४ च्या नोव्हेंबर महिन्याच्या १२ तारखेपासून तें अंमलांत आलें. त्यानें पारडें दुसऱ्या बाजूला झुकविलें. जुन्या दुकानानें ५ दिवसांत हरकत घेतली नाहीं तर हस्तांतर व्हावें. हरकतीचीं कारणें ठरलेलीं असावींत. आणि मालकाची संमति खरी आहे कीं नाहीं हें नव्या दुकानानें पाहावें.

आपल्याकडे सातबाऱ्यावर फेरफार होतो तेव्हांहि मौनाचा अर्थ असाच करतात. तलाठी नोटीस काढतो, पंधरा दिवस वाट पाहतो, हरकत आली नाहीं तर नोंद प्रमाणित होते. परंतु तेथें नोटीस चावडीवर लागते आणि संबंधितांनाहि जाते, जमीन कोणाची हें गांवाला ठाऊक असतें, आणि प्रमाणित करणारा मंडळ अधिकारी हा त्या जमिनीचा गिऱ्हाईक नसतो. नव्या धोरणांत संमति तपासण्याचें काम सोंपविलें तें, ज्याला नवें गिऱ्हाईक मिळावयाचें त्याच दुकानदाराकडे. ज्याचा लाभ त्याचीच चौकशी! असली रचना शहाण्या लोकांनीं कशी मान्य केली याचें आश्चर्य वाटतें. पण मागचा जुलूम ताजा असला म्हणजे पुढचा धोका दिसत नाहीं, हा अनुभव इतरत्रहि येतो.

धोका अगदींच अज्ञात होता असें नाहीं. जर्मनीच्या डॉट डीई या विभागाची वही वेगळी आणि नियमहि वेगळे. पण तेथें २००४ च्याच उन्हाळ्याच्या अखेरीस एका १९ वर्षांच्या मुलानें गंमत म्हणून कित्येक प्रसिद्ध नांवांच्या हस्तांतराचे अर्ज भरले. बाकीचे फेटाळले गेले. ईबे या प्रचंड बाजारपेढीचें जर्मन नांव मात्र खरोखरच त्याच्याकडे आलें. त्याला स्वतःलाहि तें अपेक्षित नव्हतें.

नव्या धोरणाला पुरते दोन महिने झाले, आणि पॅनिक्सचें प्रकरण घडलें. पॅनिक्स ही न्यूयॉर्कमधील, १९८९ पासून लोकांना इंटरनेटची जोडणी देणारी जुनी संस्था. हजारों लोकांचें टपाल तिच्या नांवावर येई. २००५ च्या जानेवारी महिन्याच्या १५ तारखेस, शनिवारीं, तें नांव तिच्या हातून गेलें. रजिस्ट्रार बदलून ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न आयटी झाला, मालकी तिसऱ्याच कोणाच्या नांवें लागली, आणि संस्थेचें येणारें टपाल परक्या यंत्रांकडे वाहूं लागलें. पॅनिक्सच्या चालकांनीं मेलबर्नला दूरध्वनि लाविला, तर कचेरी बंद, आठवड्याची सुटी! तिकडे सोमवारची सकाळ उजाडेपर्यंत न्यूयॉर्कमध्यें रविवारची संध्याकाळ झाली, तेव्हां नांव परत मिळालें. चौकशींत निघालें तें असें: मेलबर्नच्या कंपनीनें संमति तपासण्याचें काम आपल्या एका अडत्यावर सोंपविलें होतें, त्या अडत्याकडचें खातें चोरलेल्या क्रेडिट कार्डावर उघडलेलें होतें, आणि तपासणी झालीच नव्हती. आपली चूक झाली हें त्या कंपनीनें उघडपणें मान्य केलें, हें तिला भूषणावह आहे. आयकॅनच्या सुरक्षाविषयक सल्लागार समितीनें त्याच वर्षीं जुलैंत डोमेन-नांवांच्या अपहरणावर एक सविस्तर अहवाल काढला. या विषयावरचा इतका वाचनीय सरकारी थाटाचा कागद आमच्या पाहण्यांत दुसरा नाहीं.

कुलूप तेव्हां अस्तित्वांत होतें. रजिस्ट्रार आणि रजिस्ट्री यांनीं एकमेकांशीं कोणत्या भाषेंत बोलावें हें ठरविणाऱ्या २००० च्या मे महिन्यांतील पत्रकांत 'रजिस्ट्रार-लॉक' ही स्थिति नमूद आहे. कुलूप म्हणजे लोखंडाचें कांहीं नव्हे. नांवाच्या नोंदीपुढें लिहिलेला एक शब्द, आणि तो शब्द असेपर्यंत हस्तांतराचा अर्ज यंत्रानें परस्पर फेटाळावा, असा संकेत. पुढें भाषा सुधारली आणि शब्दहि लांबला. 'क्लायंट ट्रान्स्फर प्रोहिबिटेड' हें त्याचें सध्यांचें रूप. या शब्दाचें मर्म असें कीं, त्यामुळें मौनाचा प्रश्नच उरत नाहीं. मालकानें आपला नकार आगाऊ लिहून ठेविला. मग तो गाढ झोपेंत असो, प्रवासांत असो, टपाल न उघडणारा असो, त्याच्या वतीनें नोंदच नाहीं म्हणते. २००५ नंतर बहुतेक दुकानांनीं हें कुलूप सरसकट लावण्यास आरंभ केला.

पण येथें दुसरी अडचण निघाली. कुलूप मालकाचें, किल्ली दुकानदाराची. धोरणाप्रमाणें कुलूप असणें हें हस्तांतर नाकारण्याचें रास्त कारण ठरतें. तेव्हां ज्याला गिऱ्हाईक सोडावयाचें नव्हतें त्याला हें आयतेंच साधन मिळालें. कुलूप काढून द्या म्हटलें कीं अर्ज करा, ओळख पटवा, कचेरी बंद आहे, उद्यां या. अखेर असा नियम करावा लागला कीं, मालकानें मागितल्यापासून ५ दिवसांत कुलूप काढण्याची सोय झालीच पाहिजे. घराचें रक्षण करणारें दार आणि कैदखान्याचें दार यांत फरक एवढाच कीं, आंत राहणाऱ्याला तें उघडतां येतें कीं नाहीं.

हे प्रसंग साता समुद्रांपलीकडचेच असतात असें कोणीं समजूं नये. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाचा तीन पिढ्यांचा मसाल्यांचा धंदा आहे. पाट्यांवर, पिशव्यांवर, पावत्यांवर घराण्याचें नांव. इंटरनेटवर तेंच नांव घ्यावें म्हणून त्यांनीं संगणकाचें काम करणाऱ्या एका गृहस्थांना सांगितलें, आणि त्यांनीं तें घेतलेंहि. फक्त स्वतःच्या नांवें, स्वतःच्या खात्यांत. पुढें हिशेबावरून बिनसलें. नांवाला कुलूप होतें, किल्ली त्यांच्याकडे होती, आणि वहीप्रमाणें मालकहि तेच. वडील मंडळींना हें समजावून सांगतां सांगतां मुलांच्या नाकीं नऊ आले. आजोबांच्या नांवाचा मालक परका कसा, हा त्यांचा प्रश्न, आणि त्याला उत्तर नव्हतें. सोडवणूक झाली ती पैसे मोजूनच. डॉट इन आणि २०१४ च्या ऑगस्टांत खुला झालेला आपला देवनागरी डॉट भारत, ज्यांत मराठीचाहि समावेश आहे, यांच्या वह्या भारतीय संस्थेकडे आहेत आणि आयकॅनचें हस्तांतर-धोरण त्यांना थेट लागूं नाहीं. पण कुलुपाचा शब्द तेथेंहि तोच, आणि खातें कोणाचें हा प्रश्नहि तोच.

किल्ली दुकानांत राहते यांतून चोरालाहि वाट सांपडली. कुलूप फोडण्यापेक्षां किल्लीवाल्याला फसविणें सोपें. २००५ च्या एप्रिलांत हशमेल या, गुप्त टपालासाठीं प्रसिद्ध असलेल्या संस्थेच्या बाबतींत हेंच झालें. कोणीं तरी नेटवर्क सोल्यूशन्सच्या माणसांना बोलण्यांत गुंतवून खात्यावरचा पत्ता बदलून घेतला, आणि मग मालकाच्या थाटांत नांवाचा रोख दुसरीकडे वळविला. हस्तांतर झालेंच नाहीं. मग हस्तांतराचें कुलूप काय करणार? तेव्हां रजिस्ट्रारच्या वर, खुद्द रजिस्ट्रीच्या हातीं असलेलें दुसरें कुलूप पुढें आलें. तें दुकानदारालाहि उघडतां येत नाहीं. उघडावयाचें तर दुकानाच्या नेमून दिलेल्या माणसानें रजिस्ट्रीला कळवावें, आणि तेथल्या माणसानें दूरध्वनि करून, परवलीचा शब्द विचारून खात्री करून घ्यावी. सारा व्यवहार यंत्रांच्या हवालीं करून झाल्यावर, अखेरच्या दारावर पुन्हां ओळखीचा आवाज ऐकणारा माणूस बसवावा लागला! ही गोष्ट आम्हांला मोठी अर्थपूर्ण वाटते.

या दुसऱ्या कुलुपाची परीक्षा २०१३ च्या ऑगस्ट महिन्याच्या २७ तारखेस झाली. सीरियन इलेक्ट्रॉनिक आर्मी म्हणविणाऱ्या टोळीनें त्याच मेलबर्न आयटीच्या एका अडत्याच्या माणसांना खोटीं पत्रें धाडून त्यांचा परवलीचा शब्द काढून घेतला. त्या एका किल्लीनें बऱ्याच दारांना हात लागत होता. न्यूयॉर्क टाइम्स या वर्तमानपत्राचें नांव वळविलें गेलें आणि कित्येक तास वाचकांना त्याचें पान दिसेनासें झालें. ट्विटरचें मुख्य नांवहि त्याच दुकानांत होतें, त्याच टोळीच्या आंवाक्यांत होतें. पण त्याला रजिस्ट्रीचें कुलूप होतें, आणि त्याचा रोख हालला नाहीं. ज्या दुय्यम नांवाला तें नव्हतें त्याला मात्र धक्का बसला. एकाच दिवशीं, एकाच हल्ल्यांत, कुलूप असलेलें आणि नसलेलें दार यांचा असा शेजारीं शेजारीं दाखला इतिहासांत क्वचितच मिळतो.

मग सर्वांनींच तें कां लावूं नये? कारण त्याला वेगळा पैसा पडतो आणि प्रत्येक लहानसहान फेरबदलाला खटाटोप होतो. मोठ्या पेढ्या तें लावतात. बाकीचे पहिल्या कुलुपावर आणि दुकानदाराच्या सावधपणावर भिस्त ठेवतात. शिवाय चोरहि शिकले. १९९४ पासूनचें पर्ल डॉट कॉम हें नांव २०२१ च्या जानेवारींत एकाएकीं परक्याचें झालें तेव्हां मागोवा घेतां असें दिसलें कीं, खात्यांत शिरकाव झाला होता २०२० च्या सप्टेंबरांत. डिसेंबरांत नांव एका दुकानांतून दुसऱ्या देशांतल्या दुकानांत गेलें. जानेवारींत तेथून तिसऱ्या. आणि इतके महिने पानावर कांहींच बदल न केल्यामुळें कोणालाहि संशय आला नाहीं. चोरानें घाई केली नाहीं, एवढीच त्याची युक्ति. नांव फेब्रुवारींत परत मिळालें तें त्या क्षेत्रांतल्या जाणत्या माणसांच्या ओळखीपाळखीमुळें. ज्यांना अशा ओळखी नाहींत त्यांचें काय होतें? पी टू पी डॉट कॉम हें नांव चोरून लिलावांत विकलें गेलें तें घेणारा अमेरिकेंतील बास्केटबॉलचा नामांकित खेळाडू होता, आणि त्याला वस्तु चोरीची आहे याची गंधवार्ता नव्हती. चोर २००९ सालीं पकडला गेला. नांव चोरल्याबद्दल अमेरिकेंत झालेली ती पहिलीच अटक, असें त्या वेळीं सांगण्यांत आलें. क्रेमनच्या पत्रापासून चौदा वर्षें लोटल्यावर!

नियमांची दुरुस्ती दरम्यान चालूच होती. २०१२ सालीं असें ठरलें कीं, प्रत्येक रजिस्ट्रारनें तातडीच्या तक्रारीसाठीं एक माणूस नेमावा आणि त्यानें ४ तासांच्या आंत उत्तर द्यावें. पॅनिक्सचा तो शनिवार या नियमांत स्पष्ट दिसतो. २०१६ च्या डिसेंबरापासून मालकाच्या तपशिलांत बदल झाला कीं ६० दिवस नांव दुसऱ्या दुकानांत नेतां येऊं नये, असा निर्बंध आला. पण मालकानें आगाऊ सांगितल्यास त्यांतून सूट देण्याची मुभाहि ठेविली. २०१८ च्या मे महिन्यांत युरोपचा खासगी माहितीच्या रक्षणाचा कायदा लागूं झाला, मालकांचे पत्ते जाहीर वहींतून झांकले गेले, आणि नव्या दुकानानें मालकाला विचारावें म्हटलें तर विचारावयाचें कोठें, असा पेंच पडला. तेव्हां ती अट स्थगित करावी लागली. तेव्हांपासून मुख्य भार दोन गोष्टींवर आहे: एक कुलूप, आणि दुसरा जुन्या दुकानाकडून मिळणारा संकेतशब्द, जो नव्या दुकानाला दिल्याखेरीज हस्तांतर होत नाहीं.

२०२५ च्या फेब्रुवारींत या सर्व धोरणाच्या फेरविचाराचा अंतिम अहवाल बाहेर पडला. संकेतशब्द एकदां दिल्यावर तो फार तर १४ दिवस चालावा. नवी नोंदणी किंवा हस्तांतर झाल्यावर सर्व दुकानांत सारखाच ३० दिवसांचा अटकाव असावा. तपशील बदलल्यावरचा ६० दिवसांचा अटकाव काढून टाकून त्याऐवजीं मालकाला लगोलग सूचना जावी, अशा त्यांतील ठळक शिफारशी आहेत. अटकाव मोठा असला म्हणजे चोर अडतो आणि प्रामाणिक मालकहि अडतो. लहान असला म्हणजे दोघेहि सुटतात. ३० आणि ६० यांच्या दरम्यान कोठें तरी बरोबर आंकडा असेल, यावर समितींत वर्षानुवर्षें खल झाला. ज्यांच्या नांवें एखादें डोमेन आहे त्या वाचकांना तोंवर एक गोष्ट विनासायास करतां येण्यासारखी आहे. डोमेनच्या नोंदींची माहिती देणाऱ्या कोणत्याहि पानावर आपलें नांव घालून पाहिलें कीं, त्याची स्थिति उघड दिसते. तेथें तो लांबलचक 'प्रोहिबिटेड' असलेला शब्द आहे कीं नाहीं तें पाहावें; आणि मग खातें उघडून, मालक म्हणून कोणाचें नांव लिहिलें आहे, तेंहि पाहावें.